ऊसतोडीच्या पोरांसाठी हॉस्टेलच्या ग्रुपनं काय करता येईल? (सांगली)

हॉस्टेलकर_विश्रामबाग

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, विश्रामबागला हॉस्टेलवर राहतो. आमचा वीसेक पोरांचा ग्रुप आहे, रजिस्टर बिजिस्टर काय नाही, गणपती बसवणं, कुणाची रूम शिफ्ट करायची असली की जाणं, रात्री कोण आजारी पडलं तर सिव्हिलला नेणं असलंच सगळं. यंदा डीजे लावायचा नाही असं ठरल्यामुळं वर्गणीतले बऱ्यापैकी पैसे उरलेत. त्याचं काय करायचं म्हणून मिटिंग घेतली तर निम्मे म्हणाले गोव्याला जाऊ. पण आमच्यातल्या एकाचा भाऊ अमेरिकेत एमएस करायलाय, त्यानं तिथल्या फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजच्या पोरांची मंडळं असतात ती) पोरांचे फोटो पाठवलेले, लहान पोरांचा अभ्यास घ्यायचा, त्यांच्याबरोबर खेळायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या असलं दर शनिवारी करतात म्हणे, ते बघून बाकीचे म्हणाले आपण पण असं काहीतरी करूया की.

तर डोक्यात असं आहे की साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे ऊसतोडवाले सीझनला मुक्कामाला उतरतात तिथं, त्यांची जी पोरं असतात त्यांना शिकवायचं. एक गाडीतळ आमच्यापासून बाईकवर अर्ध्या पाऊण तासात येतो. मागच्या सीझनला बघितलेलं, पोरं दिवसभर तिथंच, सात आठ वर्षांची पोरगी कडेवर बारकं घेऊन फिरतीय आणि शाळेचा कुठं पत्ता नाही. शनिवार रविवार जाऊन गणित मराठी घ्यायचं, वह्या दप्तरं वाटायची, असा प्लॅन आहे. परवानगी कुणाची लागते, कारखान्याची का शाळेची का पोलिसांची? आणि सीझन चालू होतो तेव्हाच आमची एंड सेम येते, मग तेव्हा कसं जमवायचं? कुणी असलं काम केलं असेल तर सांगा. आणि राजकारण नको प्लीज, कारखाना म्हणलं की इथं लगेच सुरू होतंय.

मिरज_जंक्शन

सीव्हीत एक ओळ वाढवायची असंल. दप्तर वाटप, ग्रुप फोटो, स्टेटस, विषय संपला. दरवर्षी बघतोय.

हॉस्टेलकर_विश्रामबाग

सीव्हीत टाकणारच की भावा, त्यात काय लपवायचंय. पण काम पण करायचंय.

वाळव्याचा_मास्तर

मी झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे, शाळेचं नाव नको, पण आमच्या हद्दीत तळ येतो त्यामुळं हे सगळं दर हंगामात जवळनं बघतो.

आधी एक सांगतो, राग मानू नका. वर्ग घेऊ नका. तुम्ही शनिवार रविवार दोन दोन तास शिकवलं की आईबाप म्हणतात ती कॉलेजची पोरं येत्यात की शिकवायला, आता शाळेत कशाला पाठवायचं, आणि मुकादमाला, म्हणजे ऊसतोडीची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, तर ते बरंच पडतं. मूल शाळेत येऊन बसलं पाहिजे, हजेरीला नाव लागलं पाहिजे, दुपारचा पोषण आहार पोटात गेला पाहिजे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं, दाखला नाही किंवा वर्षाच्या मधेच आलं म्हणून कुठल्याही मुख्याध्यापकाला परत पाठवता येत नाही. गावाकडच्या शाळेनं निघायच्या आधी शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, मूल कितवीत आहे, त्याला काय काय येतं हे त्यात असतं, म्हणजे इकडच्या मास्तरला पहिल्यापासनं चाचपडावं लागत नाही. हंगाम संपून परत जाताना आम्ही त्यात भरून द्यायचं. आता प्रत्यक्षात काय होतं, तो कागद एकतर मिळालेलाच नसतो नाहीतर गावाकडं पत्र्याच्या पेटीत राहिलेला असतो.

मग तुम्ही काय करा, टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात तळावर जाऊन यादी करा. पोराचं नाव, वय, गावची शाळा, कितवी, पत्रक आहे का, बारकी भावंडं किती. ती यादी आणून मुख्याध्यापकांच्या हातात द्या. हे काम आमचंच आहे, मान्य, पण दोन शिक्षक, चार वर्ग आणि वरनं मतदार याद्यांची ड्युटी, तुम्हीच सांगा कधी जायचं. तुम्ही वीस पोरं एका रविवारी अख्खा तळ पालथा घालाल.

आणि दुसरं काम त्याहून मोठं आहे. तळ ते शाळा हा रस्ता. जेमतेम दीड किलोमीटर असंल, पण ऊस भरलेल्या दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं धडाधड जात असतात. आई पहाटेच फडात गेलेली. पहिलीतल्या पोराला कोण सोडणार? वह्या वाटणारे आम्हाला रग्गड मिळतात, पोरांना हाताला धरून शाळेपर्यंत आणणारा आजवर एक मिळाला नाही.

हॉस्टेलकर_विश्रामबाग

सर हे डोक्यातच नव्हतं. पण शाळा भरते तेव्हा आमचं लेक्चर असतं.

वाळव्याचा_मास्तर

वीसजण आहात ना? रोज दोघं, आठवड्याचे सहा दिवस. एकाची पाळी दहा बारा दिवसांनी येईल, तेवढं एक लेक्चर बुडालं तर कॉलेज बुडत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी तर अडचणच नाही.

पाटोद्याची_लेक

मी बीड जिल्ह्यातली, पाटोदा तालुका. आता पुण्यात नोकरीला आहे. माझे आईबाप कोयता होते, म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं. दसरा झाला की ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, लेकरं सगळं भरून निघायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास माघारी. तुमच्याच सांगली कोल्हापूर भागात आलेय मी लहानपणी, त्यामुळं हा धागा वाचून राहवलं नाही.

मास्तर बोलले ते बरोबर आहे पण अर्धं आहे. तुम्ही शाळेत सोडायला याल हो, पण कडेवरचं लेकरू कुठं ठेवायचं ते आधी सांगा. ती सात आठ वर्षांची पोरगी तुम्हाला दिसली ना, तिची शाळा शिकवायला कोणी नाही म्हणून सुटलेली नसते. तिचा भाऊ दीड वर्षाचा आहे आणि आई अंधारात उठून भाकऱ्या थापून फडात गेलीय म्हणून सुटलीय. फडात न्यावं तर उसाच्या पाल्यात लेकरू झोपवायचं, तिथं साप विंचू, वरून ट्रॅक्टर मागंपुढं होतो. म्हणून मोठी बहीण कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत राहती. मी राहिलेय.

3 वर्षांच्या पुढचं लेकरू असेल तर अंगणवाडीत नाव घालता येतं, तिथं गरम आहार पण मिळतो. पण आमच्या लोकांना इथली अंगणवाडी कुठं आहे हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी परक्या गावात कोण विचारायला जाणार. ते तुम्ही विचारा. एक बारकं अंगणवाडीत बसलं की एक मोठी शाळेत जाती, हिशेब इतका सरळ आहे. त्याच्याहून लहान लेकरांसाठी टोळीतच बघा, प्रत्येक तळावर एखादी म्हातारी असती जिला आता कोयता झेपत नाही, ती नातवंडं सांभाळत कोपीवर बसलेली असती. तिला महिन्याला काही पैसे द्या आणि चार पाच लेकरं तिच्यापाशी ठेवा. तुमची वर्गणी तिथं घाला. वह्या नकोत. वह्या आम्हाला दरवर्षी मिळायच्या, चुलीला जाळ लावायला कामी यायच्या.

अजून एक. वीस पोरांचा घोळका गाड्या उडवत तळावर गेला ना तर पहिल्याच दिवशी बारा तेरा वर्षांच्या पोरींना कोपीबाहेर यायची बंदी होईल. आईबापाला त्याच पोरींचा घोर असतो, म्हणून तर लवकर लग्नं लावतात. तुमच्या कॉलेजच्या मुली सोबत घेऊन जा, आणि पहिल्यांदा त्यांनाच बायकांशी बोलू द्या. आणि फोटो काढू नका. आमचे कोपीपुढं उभं करून फोटो काढून नेलेत लोकांनी, कुठं छापलेत काय माहीत.

मिरज_जंक्शन

ताई, तुमची कमेंट वाचून माझी वरची मागं घ्यावी वाटायलीय. घेत नाही, पण वाटायलीय.

वाळव्याचा_मास्तर

ताई एकदम मुद्द्याचं. आमच्या वर्गात दोन पोरी बारक्याला घेऊनच यायच्या, आम्ही बसवून घ्यायचो. तपासणीला आलेल्या साहेबांनी पण बघून न बघितल्यासारखं केलं. पण आमच्या वर्गात पाचच्या पुढं बारकी झाली की शिकवणं बंद आणि पाळणाघर सुरू, त्यामुळं म्हातारीची आयडिया मस्त आहे.

फडकरी_पलूस

परवानगीचं मी सांगतो. आमचे वडील कारखान्याच्या शेती खात्यात होते, चिटबॉयपासून सुरुवात केलेली, आणि आमचा स्वतःचा ऊस पण जातो.

पोलिसांची काय परवानगी लागत नाही. शेती ऑफिसला जाऊन शेती अधिकाऱ्याला भेटा, कॉलेजचं पत्र असलं तर बरं, तळ कारखान्याच्या जागेवर असतो म्हणून. पण खरी परवानगी मुकादमाची. टोळीला उचल, म्हणजे ॲडव्हान्स, त्यानं दिलेली असते, त्यामुळं फेडीपर्यंत टोळी त्याच्या शब्दात असते. त्याला वाटलं की ही पोरं मजुरांना कायद्याचं शिकवायला आलीत तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला एकही पोरगं दिसणार नाही. त्याला चहा पाजा, त्याची पण पोरं असतातच तळावर, त्यांची नावं यादीत पहिली घ्या. मग बाकीचं तोच बघतो.

आता महत्त्वाचं, हे कुणी सांगितलं नाही अजून. टोळ्या सगळ्या सारख्या नसतात. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याच्या जवळच्या तळावर उतरतात आणि अख्खा सीझन तिथंच असतात, कारण बैलं लांब जाऊ शकत नाहीत, जवळपासचा ऊस त्यांचा. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या मात्र फिरत्या. आज या गावात, तिथला प्लॉट संपला की पंधरा दिवसांनी भलतीकडंच. त्यांची पोरं शाळेत घातली तरी महिन्यात दुसऱ्या शाळेत घालावी लागत्यात. म्हणून तुम्ही पहिल्या वर्षी फक्त बैलगाडीचा तळ धरा. ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं लागलात तर डिसेंबरातच दमून जाल.

आणि जायची वेळ. सकाळी मोठं माणूस तळावर भेटत नाही. गाडी भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावला की पुरुष माणूस तिथं अडकतो, कधी रात्र होते. बायका दिवस मावळायच्या टायमाला चुलीपाशी असतात. आईबापाशी बोलायचं तर तेव्हा जावा, आणि बोलायला म्हणून जावा, त्यांचा स्वयंपाक थांबवून मिटिंग घेऊ नका.

हॉस्टेलकर_विश्रामबाग

हे तर कोणी सांगितलंच नसतं. आमचा तळ बैलगाड्यांचाच आहे, बैलं बांधलेली बघितलीत.

इस्लामपूर_ते_ओहायो

फ्रॅटर्निटीचा विषय निघालाय म्हणून लिहितो, मी शिकायला ओहायोत होतो, माझा लॅबमेट एका फ्रॅटर्निटीत होता आणि त्याच्यामुळं मी दोन चार वेळा त्यांच्या कामाला गेलोय.

सगळ्यांच्या डोक्यात पिक्चरमधलं असतं, दारू आणि पार्ट्या, आणि ते खोटं पण नाही. रॅगिंगपायी पोरं मेलेली आहेत तिकडं, शेवटी डिसेंबर 2024 मध्ये कॉलेजांना रॅगिंगची प्रकरणं जाहीर करायला लावणारा कायदा अमेरिकेला करावा लागला. पण दुसरी बाजू पण आहे. ग्रीक अक्षरांच्या नावाची पहिली सोसायटी 1776 सालची, विल्यम अँड मेरी कॉलेजातली, म्हणजे त्यांचा देश झाला त्याच वर्षीची. 1925 ला लाफायेट कॉलेजात अल्फा फाय ओमेगा म्हणून एक निघाली ती स्काउटिंगवाल्यांनी काढलेली आणि फक्त सेवेसाठीच, त्यात आता मुली पण असतात. पाय कॅपा फाय नावाची आहे ती 1977 पासून अपंग लोकांसाठीच काम करते, दरवर्षी विषय बदलत नाही. हे मला आवडलं. आपल्याकडं मंडळं एका वर्षी रक्तदान, एका वर्षी झाडं, एका वर्षी दप्तरं, आणि गेल्या वर्षीची झाडं कुठं गेली हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे गोळा केले त्याचा हिशेब वेगळा आणि स्वतः किती तास काम केलं त्याचा वेगळा. शंभर डॉलर दिले म्हणून तास भरत नाहीत. याचा तोटा पण बघितला, काही जण निव्वळ तास भरायला यायचे, मुलाशी एक शब्द न बोलता फोन बघत बसायचे. म्हणून तिकडच्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स सारख्या संस्था एका मोठ्या माणसाला एकच मूल देतात आणि वर्षभर येणार का हे आधी विचारतात, शिवाय तुमचा मागचा पोलिस रेकॉर्ड तपासतात. आमच्या लॅबमेटला एक नऊ दहा वर्षांचा मुलगा दिलेला, त्याला तो आठवड्यातून एकदा भेटायचा आणि बहुतेक वेळा नुसतं बास्केटबॉल खेळायचे दोघं. अभ्यास वगैरे नावालाच. पण एखाद्या आठवड्यात हा गेला नाही की त्या मुलाच्या आईचा फोन यायचा.

तुमच्याकडं पण पाळी लावताना शक्यतो तीच पोरं त्याच दादाकडं राहतील असं बघा. रोज नवीन चेहरा आला तर पोरं बिचकतात.

सातारी_कंदीपेढा

मी साताऱ्याचा, कॉलेजला असताना एनएसएसचा लीडर होतो. फ्रॅटर्निटी वगैरे ठीकाय पण आपल्याकडं 1969 पासून एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचा कॅम्प. त्यांच्या तासांपेक्षा आपले तास काय कमी नाहीत, फक्त आपले निम्मे तास पाहुण्यांची भाषणं ऐकण्यात जातात. तुमच्या कॉलेजला युनिट असणारच. प्रोग्राम ऑफिसर सरांना पकडा, हे काम युनिटखाली घ्या, म्हणजे शेती ऑफिसला द्यायचं पत्र पण मिळतं आणि लेक्चर बुडालं तर हजेरी पण मिळते. लेक्चरचा प्रॉब्लेम तिथंच सुटला.

आणि ओ, बाहेरची उदाहरणं कशाला पाहिजेत. कर्मवीर अण्णांनी 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग आणलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, आणि बोर्डिंगात खायला नव्हतं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. 1927 ला गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आमचे आजोबा रयतमध्ये कमवा आणि शिका मध्ये शिकलेले, सकाळी बागेत पाणी पाजायचं आणि मग वर्गात. ते सांगायचे की मोठ्या पोरांनी बारक्यांचे कपडे धुवायचे असा नियमच असायचा त्यांच्यात. म्हणजे हॉस्टेलच्या पोरांनी बारक्यांकडं बघायचं हे आपल्याकडं नवीन नाही. (सातारकर आहे, एवढं तर ऐकून घ्यावंच लागेल.)

कामाचं बोलतो. असले ग्रुप दोन ठिकाणी मरतात. एक परीक्षेत आणि दोन, टीवायची (थर्ड इयरची) बॅच गेली की. परीक्षेला उपाय म्हणजे तुमची एंड सेम आणि फर्स्ट इयरची बहुतेक एकाच तारखांना नसते, त्या काळात पाळ्या फर्स्ट इयरवाल्यांवर आणि गावातल्या एखाद्या बीएडच्या विद्यार्थ्यावर टाका. दुसऱ्याला उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासनं निम्मी पोरं फर्स्ट आणि सेकंड इयरची पाहिजेत. थर्ड इयरवालेच सगळे असाल तर पुढच्या दिवाळीला तुम्ही प्लेसमेंटच्या मागं आणि तळावर कोण नाही.

आणि एकट्यानं कुठल्याही पोराला बाईकवर बसवून नेऊ नका, कितीही उशीर होत असला तरी. कायम दोघं, आणि चालत. काय वावगं दिसलं, म्हणजे मारहाण, कुणाचं लग्न ठरवायलेत, असलं काहीही, तर स्वतः हिरोगिरी करायला जायचं नाही, 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा आणि मास्तरांना सांगायचं.

पाटोद्याची_लेक

लग्नाचं लिहिलंत ते बरं झालं. फक्त फोन लावताना तुमचं नाव तळावर फुटणार नाही हे बघा, नाहीतर पुढच्या वर्षी मुकादम तुम्हाला उभं करणार नाही आणि बाकीच्या लेकरांची शाळा पण जाईल.

हॉस्टेलकर_विश्रामबाग

सगळ्यांचे आभार. काल रात्री हॉस्टेलला हा धागा मोठ्यानं वाचला. गोवावाले अजून नाराज आहेत पण त्यातले दोघं पाळीला तयार झालेत. ठरलंय असं की आधी एनएसएसच्या सरांकडं पत्र, मग शेती ऑफिस, टोळ्या उतरल्या की संध्याकाळच्या टायमाला मुकादम. यादी करायला क्लासमधल्या पाच मुली यायला तयार आहेत, एक तर म्हणाली मी आधीच विचारणार होते तुम्ही पोरांनीच काय ठेका घेतलाय का. वह्या कॅन्सल. पैसे आज्जीच्या मानधनाला आणि थोडे बाजूला, कुणाचं पायबिय कापलं तर दवाखान्याला.

एक शंका, तळावर काही कुटुंबं कर्नाटकातली आहेत, पोरं आपसात कन्नड बोलतात. मास्तर, त्यांचं काय करता?

वाळव्याचा_मास्तर

आम्ही हातवारे करतो. जतच्या बॉर्डरकडचं कोण असेल ग्रुपमध्ये तर त्याला पहिल्या आठवड्यात पाठवा. आणि बंजारा तांड्यावरची पोरं असली तर ती त्यांची गोरमाटी बोलतात, ते कन्नडवाल्याला पण कळत नाही.

हॉस्टेलकर_विश्रामबाग

जतचे दोघं आहेत की. एक गोव्याच्या बाजूनं होता, आता सुटत नाही तो.

फडकरी_पलूस

मोळी पडायची, म्हणजे गाळप सुरू व्हायची, तारीख कळली की सांगतो इथं. तळावर जाताना गाडी लांब लावा, बैलं बुजतात सायलेन्सरला.